विमान कोणी उडवलं ते सगळ्यांना माहीत आहे. बनवलं कोणी?

२६ सप्टेंबर २०२५. चंदीगडहून मिग-२१ विमानांना निरोप देण्याचा कार्यक्रम टीव्हीवर थेट दाखवत होते. मी आमच्या सोनाळ्यात शेजारच्या काकांकडे बसून तो बघत होतो. काकांचं वय पंच्याहत्तरीच्या पुढे. आयटीआय करून ऐन विशीत ओझरला विमानाच्या कारखान्यात लागले, तिथूनच निवृत्त झाले आणि मग गावाकडे परतले. थोडी कपाशी, थोडी संत्र्याची झाडं. गावात त्यांना सगळे 'नाशिकवाले' म्हणतात. नाशिकला नेमकं काय करत होते, हे मात्र गावात फारसं कोणाला माहीत नाही.

पडद्यावर विमानं रांगेत उडत गेली. निवेदक युद्धांची नावं घेत होता, वैमानिकांची नावं घेत होता. मी सहज विचारलं, "काका, यातलं एखादं तुमच्या हातचं असंल ना?"

"आख्खं नाई रे बाबू. मांगचा भाग, शेपटाकडचा. रिव्हेट मारले म्या. आख्खं इमान आमाले कुठं दिसे? आमचा भाग झाला का पुढच्या शॉपमंदी जाये."

मग बराच वेळ गप्प बसले. कार्यक्रम संपला तेव्हा म्हणाले, "कोनं चालवलं ते समद्याइले मालूम हाय. कोनं बनवलं ते कोनी इचारलं काय?"

त्या प्रश्नावरून मी गेले काही महिने जे वाचलं ते इथे लिहितोय. पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण वाचा.

*

सुरुवात जरा लांबून, ब्रह्मदेशातून करतो.

२०१२ साली जगभरच्या पेपरांत एक बातमी गाजली. ब्रह्मदेशात म्हणे दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश स्पिटफायर लढाऊ विमानं खोक्यांत भरून, अगदी कोरी करकरीत, जमिनीत पुरून ठेवलेली आहेत. डेव्हिड कंडॉल नावाचा एक इंग्लिश शेतकरी वर्षानुवर्षं त्यांचा माग काढत होता. आधी आकडा वीसच्या आसपास होता, पुढे तो शंभरच्या वर गेला. ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून ब्रह्मदेशाच्या दौऱ्यावर गेले तेव्हा त्यांनी तिथल्या राष्ट्राध्यक्षांशी चक्क हा विषय काढला. संगणकावरचे लढायांचे खेळ बनवणाऱ्या एका कंपनीने पैसा लावला. २०१३ च्या जानेवारीत रंगूनच्या विमानतळाजवळ पुरातत्त्वज्ञ आले, यंत्रं आली, खणलं.

काहीच निघालं नाही. एकसुद्धा खोकं नाही. फेब्रुवारीत पैसे लावणाऱ्यांनीच सांगून टाकलं की तिथे विमानं पुरलेलीच नव्हती.

हसू येतं, पण या वेडामागे कारण आहे. हरवलेली विमानं खरोखर सापडतातही. १९४० च्या मे महिन्यात फ्रान्समधल्या कॅलेच्या किनाऱ्यावर एक स्पिटफायर कोसळलं. वैमानिक वाचला, विमान वाळूत गडप झालं. १९८० मध्ये वाळू सरकली आणि सांगाडा वर आला. अनेक वर्षं खपून लोकांनी ते पुन्हा उडतं केलं. २०१५ मध्ये लंडनला त्याचा लिलाव झाला, किंमत आली ३१ लाख पौंड! त्या विमानाचा नंबर नोंदलेला आहे, वैमानिकाचं नाव नोंदलेलं आहे, कोणत्या दिवशी पडलं तेही. ते जुळवणाऱ्या कामगारांची नावं मात्र मला कुठे वाचायला मिळाली नाहीत.

म्हणजे काकांचा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही.

*

स्पिटफायर बनवणारे होते तरी कोण?

इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टन शहरात, वूलस्टन भागात मूळ कारखाना होता. २४ आणि २६ सप्टेंबर १९४० ला जर्मनांनी त्यावर बॉम्ब टाकले. शंभरहून अधिक माणसं मेली, कारखाना बसला. लढाई ऐन भरात होती आणि विमानं तर पाहिजेच होती. मग असं ठरलं की काम एका जागी ठेवायचंच नाही. सॅलिसबरी, रेडिंग, ट्रोब्रिज अशा साध्यासुध्या गावांत मोटारींची गॅरेजं, बसचे डेपो, जे छप्पर मिळेल ते ताब्यात घेतलं. एकीकडे पंख, दुसरीकडे धड, तिसरीकडे जुळणी. कामाला कोण? पुरुष आघाडीवर गेलेले. मग दुकानात, घरकामाला असलेल्या पोरी, विशीच्या आतबाहेरच्या. हातात ड्रिल घेऊन त्या विमानाचा पत्रा जोडायला शिकल्या. एकट्या सॅलिसबरी भागात दोन हजारांहून अधिक स्पिटफायर तयार झाली असं सांगतात.

कामाची वाच्यता करायची नाही अशी ताकीद होती. युद्ध संपलं, पोरी घरी गेल्या, आज्या झाल्या, बऱ्याच वारल्या. त्या शहरांत राहणाऱ्या पुढच्या पिढीला आपल्या गल्लीतल्या गॅरेजात स्पिटफायर बनत होती हे ठाऊकच नव्हतं. अगदी अलीकडे काही स्थानिक लोकांनी उरलेल्या म्हाताऱ्यांना शोधलं, बोलतं केलं, २०१६ मध्ये त्यावर माहितीपट निघाला. मग शहराला जाग आली आणि स्मारक उभं राहिलं. पाऊणशे वर्षं लागली. पण केलं.

*

"ठीक आहे, पण याचा आमच्या बुलढाण्याशी काय संबंध?" असं कोणी म्हणेल. संबंध आहे.

आपलं वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं होतं. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वऱ्हाड निजामाकडून कायमच्या पट्ट्याने घेतलं आणि बदल्यात इंग्रज सरकार निजामाला दरसाल २५ लाख रुपये देऊ लागलं. पिकवायचं इथल्या कास्तकारानं, कारभार इंग्रजांचा, आणि खंड हैदराबादला. १९३६ पासून तर निजामाच्या किताबातच 'हैदराबाद आणि वऱ्हाड' असं आलं.

या निजामाने दोन्ही महायुद्धांत इंग्रजांच्या हवाई दलाला विमानांसाठी घसघशीत पैसा दिला. त्याच्या सन्मानार्थ ब्रिटिश हवाई दलाच्या १५२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला 'हैदराबाद' हे नाव मिळालं. त्यांच्या बिल्ल्यावर निजामाची पगडी होती. १९४० मध्ये हीच स्क्वाड्रन इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर स्पिटफायर घेऊन जर्मनांशी लढली, आणि १९४४ मध्ये ब्रह्मदेशच्या आघाडीवर जपान्यांशी. म्हणजे जिथे २०१३ मध्ये खोकी शोधायला खणलं, त्याच मुलखाच्या आकाशात 'हैदराबाद' नावाची स्पिटफायर घिरट्या घालत होती.

त्या वेळी स्पिटफायरसाठी देणगी मागताना एका विमानाची किंमत ५,००० पौंड धरायचे. वऱ्हाडच्या २५ लाखांतले किती रुपये त्यात गेले, हा हिशेब आता कोणी मांडू शकणार नाही. तिजोरीतल्या रुपयावर गावाचं नाव नसतं. पण आपल्या आजोबा-पणजोबांच्या कपाशीचा आणि त्या युद्धाचा काही संबंधच नव्हता, असं तरी कोणी म्हणू नये.

*

पैसा झाला. आता हात.

भारतात विमान बनवायचं हे स्वप्न पाहिलं ते सोलापूरच्या माणसाने. वालचंद हिराचंद. जहाज कंपनी, साखर कारखाना, बांधकाम, मोटारी, सगळ्यांत उडी घेतलेला गडी. १९३९ मध्ये अमेरिकेला जाताना विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली नावाच्या अमेरिकन माणसाशी गाठ पडली. हा पॉली चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवत होता. वालचंदांनी विचारलं, भारतात काढता येईल का? तो म्हणाला, येईल.

इंग्रज सरकार आधी फारसं उत्सुक नव्हतं. आपल्या वसाहतीने विमानं बनवायला शिकावं असं कोणत्या साम्राज्याला वाटेल? पण १९४० मध्ये फ्रान्स पडला, पूर्वेकडे जपानची भीती वाढली, तेव्हा नकाराचा होकार झाला. म्हैसूर संस्थानचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी बंगळूरला ७०० एकर जमीन दिली आणि २५ लाखांचं भांडवलही घातलं. २३ डिसेंबर १९४० ला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी नोंदली गेली. अध्यक्ष वालचंद.

आता वेग बघा. माळरानावर शेड उभी राहिली, अमेरिकेहून यंत्रं आली, आणि ऑगस्ट १९४१ मध्ये पहिलं विमान, हार्लो जातीचं प्रशिक्षण विमान, आकाशात. जुलै १९४२ मध्ये कर्टिस हॉक. भारतात जुळवलेलं पहिलं लढाऊ विमान! आराखडा अमेरिकेचा, बरेचसे सुटे भाग तिकडचे, पण हात इथले.

ज्या माणसांनी याआधी विमान फक्त वरून जाताना पाहिलं असेल, त्यांनी दीड-पावणेदोन वर्षांत लढाऊ विमान उडवून दाखवलं. यातली किती नावं आपल्याला माहीत आहेत?

एक नाव माहीत असायला हवं. डॉ. विष्णू माधव घाटगे. जन्म १९०८, कोल्हापूर जिल्हा. जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल या जगविख्यात शास्त्रज्ञाच्या हाताखाली १९३६ मध्ये डॉक्टरेट केली. कारखाना निघाला तेव्हापासून ते तिथे होते. युद्धकाळात त्यांनी सैनिक वाहून नेणारं इंजिनाविना उडणारं ग्लायडर आखलं. पुढे एचटी-२ हे संपूर्ण भारतीय आराखड्याचं प्रशिक्षण विमान त्यांच्याच चमूचं, १९५१ मध्ये उडालं. आपल्या वैमानिकांच्या कितीतरी तुकड्या त्यावर उडायला शिकल्या. आपल्या शाळेच्या पुस्तकात त्यांचा धडा होता का? मला तरी आठवत नाही.

घाटगे निदान साहेब होते, त्यांचं नाव कुठेतरी राहिलं. शॉपमधल्या माणसांचं तेही नाही.

एप्रिल १९४२ मध्ये सरकारने वालचंद आणि इतरांचे भाग विकत घेऊन कारखाना आपल्या हाती घेतला. १९४३ मध्ये तो अमेरिकी हवाई दलाच्या सेवेत गेला. नवी विमानं बनवणं मागे पडलं, आणि ब्रह्मदेश-चीन आघाडीवरून चाळण होऊन आलेली विमानं दुरुस्त करणं हे मुख्य काम झालं. कामगारांची संख्या दहा हजारांच्या वर गेली. त्या काळातले काही फोटो आज इंटरनेटवर फिरतात. साडी नेसलेल्या बायका, पदर खोचलेला, विमानाच्या पत्र्यावर काम करताहेत. इंग्लंडच्या सॅलिसबरीतल्या पोरींसारख्याच, त्याच वर्षांत. मी पाहिलेल्या एकाही फोटोखाली नाव नव्हतं. 'महिला कामगार, बंगळूर' एवढंच.

सॅलिसबरीच्या पोरींना माहितीपट मिळाला. आपल्या बायकांना फोटोखालची एक ओळसुद्धा धड मिळाली नाही.

*

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगतो. हिच्यात लढाऊ विमान नाही, बॉम्बफेकी विमान आहे. पण हरवलेली विमानं आणि ती परत आणणारे हात, हे दोन्ही एकाच ठिकाणी हवे असतील तर हिच्यासारखी गोष्ट नाही.

युद्ध संपलं तेव्हा कानपूरजवळच्या चकेरी तळावर चार इंजिनांची लिबरेटर विमानं मोठ्या संख्येने उभी होती. ती अमेरिकेने ब्रिटनला उधारीवर दिलेली. करार असा, की युद्ध संपलं की परत करा, नाहीतर नष्ट करा. परत नेण्याचा खर्च कोण करणार? मग ती तिथेच मोडायची ठरली. आणि मोडली तीही मन लावून. पत्र्याला भोकं पाडली, आतली यंत्रं फोडली, इंजिनात वाळू ओतली, बुलडोझर घातले. नव्या भारताच्या हाती उडणारं काही लागू नये याची पुरती काळजी घेतली.

स्वातंत्र्य मिळालं. काश्मीरचं युद्ध पेटलं. हवाई दलाकडे मोठं बॉम्बफेकी विमान एकही नाही, आणि बाहेरून विकत घ्यायला पैसा नाही. तेव्हा १९४८ मध्ये कोणीतरी म्हणालं, कानपूरला ते भंगार पडलंय, त्याचं काही होतंय का बघा.

बंगळूरचे कामगार कानपूरला गेले. आधी जे कमी मोडलंय ते निवडलं. मग याचा पंख त्याला, त्याचं चाक याला, असं करत एकेक विमान उभं केलं. तिथे पूर्ण दुरुस्ती शक्यच नव्हती. कारखाना दीड हजार किलोमीटर लांब. तेव्हा एकदा, फक्त एकदा, बंगळूरपर्यंत उडेल इतपत ते ठीक करायचं. आणि ते उडवायचं कोणी? जमशेद मुन्शी, सगळे जिमी म्हणायचे. कंपनीचे वैमानिक. लिबरेटरची म्हणावी तशी तालीम नसताना हा पारशीबुवा एकामागून एक चाळीसहून अधिक विमानं कानपूरहून बंगळूरला घेऊन गेला. पुढे घाटग्यांचं एचटी-२ पहिल्यांदा उडवलं तेही यांनीच.

क्षणभर विचार करा. वाळू घातलेलं इंजिन कोणीतरी साफ करून दिलंय, फुटलेला पत्रा कोणीतरी शिवलाय, आणि त्या भरवशावर एक माणूस चार इंजिनांचं धूड घेऊन आकाशात चाललाय. त्याने कोणावर भरवसा ठेवला? वैमानिकाचं धाडस आपण मोजतो. ते धाडस ज्यांच्या कामावर उभं होतं, ते मोजायचं राहून जातं.

१९४८ च्या नोव्हेंबरात या भंगारातून हवाई दलाची पाच क्रमांकाची स्क्वाड्रन उभी राहिली. पुढे समुद्रावर टेहळणी करणारी लिबरेटर आपल्या पुण्याच्या तळावरूनही उडत. शेवटची निवृत्त झाली १९६८ च्या अखेरीस. इंग्रजांनी भंगार ठरवलेली विमानं वीस वर्षं चालली!

आणि आता गंमत. अमेरिकेने युद्धात १८ हजारांहून अधिक लिबरेटर बनवली होती. युद्धानंतर त्यांनी स्वतःची जवळजवळ सगळी वितळवून टाकली. सत्तरीच्या सुमारास संग्रहालयांना जाग आली तेव्हा तिकडे विमानं उरलीच नव्हती. होती ती भारतात! मग ब्रिटनच्या हवाई दलाच्या संग्रहालयाने एक नेलं, कॅनडाने एक नेलं, अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या संग्रहालयाने नेलं. आणखी एक ब्रिटिश संग्राहकामार्फत अमेरिकेला गेलं, लोकांनी हजारो तास खपून ते १९८९ मध्ये पुन्हा उडवलं. आज त्या देशांतल्या पोरांना शाळेच्या सहलीत जे लिबरेटर दाखवतात, ते उभं आहे बंगळूरच्या कामगारांमुळे. आपल्याकडचं एक दिल्लीच्या पालम संग्रहालयात आहे.

स्पिटफायरचंही तसंच झालं. १९७७ च्या सुमारास ऑर्मंड हेडन-बेली नावाचा एक कॅनेडियन वैमानिक भारतात आला आणि हवाई दलाच्या तळांवर, तांत्रिक शाळांत पडून असलेली जुनी स्पिटफायर आणि टेम्पेस्ट शोधून विकत घेऊन गेला. बंगळूरजवळ जलाहळ्ळीच्या शाळेत पोरांना शिकवायला ठेवलेलं एक स्पिटफायर असंच इंग्लंडला पोचलं आणि १९९२ मध्ये पुन्हा उडालं. आपण विकलं यात चूक नव्हती. देशापुढे शंभर कामं होती, म्हाताऱ्या विमानांचं कौतुक कोण करणार? पण आपल्या अंगणात काय पडलंय हे बाहेरचा माणूस येऊन सांगतो तेव्हाच आपल्याला कळतं, हे मात्र टोचतं.

*

आता परत ओझरला, काकांकडे.

१९६२ मध्ये मिग-२१ साठी सोव्हिएत संघाशी करार झाला. तीन ठिकाणी काम वाटलं गेलं. विमानाचं धड नाशिकजवळ ओझरला, इंजिन ओडिशात कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हैदराबादला. १ ऑक्टोबर १९६४ ला वालचंदांची जुनी कंपनी आणि ही नवी कंपनी एक होऊन आजची हिंदुस्तान एरोनॉटिक्स झाली. द्राक्षांच्या त्या मुलखात कारखाना आला, वसाहत आली, आणि महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून आयटीआय झालेली पोरं तिथे गेली. खानदेशातली, मराठवाड्यातली, आपल्या वऱ्हाडातली. १९७१ च्या युद्धात ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर रॉकेट टाकली ती मिग-२१ ने. त्या युद्धातल्या मिग-२१ एफएल प्रकाराचं काम ओझरला चालू होतं. पुढे १९८७ पर्यंत तिथे एकामागून एक मिग-२१ बनत राहिली. हवाई दलाकडे आलेल्या आठशेहून अधिक मिग-२१ पैकी सहाशेहून अधिक आपल्याच देशात तयार झाली.

रिव्हेट मारणं म्हणजे काय, ते काकांनी मला हातवारे करून दाखवलं. दोघं लागतात. एकजण बाहेरून गन मारतो, दुसरा आत अडचणीत घुसून पलीकडून लोखंडी ठोकळा दाबून धरतो. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. ठोकून खूण करायची, एकदा म्हणजे ठीक, दोनदा म्हणजे पुन्हा मार. जास्त मारला तर पत्रा दबतो, कमी मारला तर ढिला राहतो. झालं की तपासणारा येतो, बघतो, कागदावर शिक्का मारतो. प्रत्येक कामाखाली कोणाची तरी सही, कोणाचा तरी शिक्का असतोच.

मग मी विचारायला नको ते विचारलं. "काका, लोक याला उडती शवपेटी म्हणत होते, तेव्हा कसं वाटे?"

काका लगेच बोलले नाहीत. मग म्हणाले, "पेपरात आलं का पडलं, तं पह्यले जागा पाहो. मंग वैमानिक वाचला का ते पाहो. अन् मंग रातभर... म्या मारला व्हता का त्यातला एखादा? मालूम तं होये नाई. पन मनात येयेच ना बाबू."

मे २०१२ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत आकडा दिला होता. १९७१ पासून तोवर ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली. १७१ वैमानिक गेले. यात मिग-२१ सोबत इतर मिगही आले. कारणं अनेक. कधी मानवी चूक, कधी यंत्रातला बिघाड. आणि वय उलटून गेल्यावरही ही विमानं वापरावी लागली, कारण त्यांची जागा घेणारं विमान वेळेत आलं नाही. तो निर्णय काही ओझरच्या शॉपमध्ये होत नव्हता. पण रात्री झोप उडायची ती शॉपमधल्या माणसाची.

कामगारांची आठवण ठेवा म्हणतो, ती फक्त टाळ्या वाजवायला नव्हे. गौरव असो की चूक, दोन्हींत माणूस असतो. आपण विमानाला डोक्यावर घेतो तेव्हा त्याला विसरतो, आणि विमानाला शिव्या देतो तेव्हाही तो आपल्याला दिसत नाही.

मागे एका शहरात चौकात ठेवलेलं एक जुनं लढाऊ विमान पाहिलं. खाली संगमरवरी पाटी. विमानाचं नाव, कोणत्या युद्धात होतं, कोणाच्या शुभहस्ते लोकार्पण, प्रमुख उपस्थिती, विशेष सहकार्य. पंधरा-वीस नावं होती. बनवणाऱ्यांचं एकही नाही. एवढंच लिहिलं असतं तरी चाललं असतं, की 'हे विमान ओझरच्या कामगारांनी बनवलं'. चार शब्दांना किती दगड लागतो?

*

मी काही इतिहासकार नाही. पण हे सगळं वाचून एक गोष्ट पक्की कळली. विमान हरवलं तर सापडतं. वाळूतून निघतं, भंगारातून निघतं, दुसऱ्याच्या अंगणातून निघतं. पत्र्याला घाई नसते, तो पन्नास वर्षं वाट बघतो. माणूस तेवढं थांबत नाही. १९४२ मध्ये बंगळूरला हॉक जुळवणाऱ्यांपैकी आता कोण असणार? कानपूरचं भंगार उभं करणाऱ्यांपैकी कोण असणार? त्यांना विचारायचं राहून गेलं, ते कायमचंच. ओझरची पहिली पिढी मात्र आज पंच्याहत्तर-ऐंशीची आहे. अजून आहे.

तेव्हा एक विनंती. जिल्ह्यातल्या, तालुक्यातल्या सगळ्यांना.

तुमच्या गावात ओझरहून निवृत्त झालेलं कोणी आहे का बघा. ओझरच कशाला, वरणगाव, भुसावळ, अंबरनाथ, खडकी, भंडारा, इथल्या संरक्षण कारखान्यांत आपल्या भागातली किती माणसं जन्मभर खपली. त्यांच्याजवळ बसा. मोबाइल समोर ठेवा, रेकॉर्डिंग सुरू करा. मोठं काही विचारू नका. पहिल्या दिवशी काय काम दिलं? सोबत कोण होतं? पगार किती होता? कोणतं काम अवघड जायचं? चूक झाली तर काय व्हायचं? गुपिताच्या गोष्टी विचारायचं कारण नाही, ते सांगणारही नाहीत. माणसाची गोष्ट विचारा. जुना फोटो असेल तर मागच्या बाजूला पेन्सिलने नावं लिहून घ्या, डावीकडून उजवीकडे. बंगळूरच्या त्या बायकांच्या फोटोमागे कोणी एवढं केलं असतं, तर आज त्यांच्या नातवंडांना आपली आजी ओळखू आली असती.

शाळांनाही सांगणं आहे. २६ जानेवारी, १५ ऑगस्टला पाहुणे बोलावता. एखाद्या वर्षी अशा माणसाला बोलवा. भाषण येत नसेल तर न येवो. रिव्हेट कसा मारतात ते दाखवू द्या. पोरांना ते भाषणापेक्षा जास्त दिवस आठवेल.

मी सुरुवात घरापासून केली आहे. परवा काकांकडे वही घेऊन गेलो. म्हटलं, तुमच्यासोबत जे जे होते त्यांची नावं सांगा. काकू म्हणाल्या, याइले काल काय खाल्लं ते आठवत नाई, पन्नास वर्षांमागचं काय सांगतीन? काका डोळे मिटून बसले आणि एकेक नाव सांगायला लागले. कोणत्या गावचा, कोणत्या टेबलाला, कोण डावखुरा होता, कोणाचं लग्न ड्युटीमुळे पुढं ढकललं. दोन तास झाले. एकतीस नावं लिहून झाली. त्यातली बरीच आता नाहीत, असं तेच म्हणाले.

उठताना विचारलं, "आतून ठोकळा धरनारा तुमचा जोडीदार कोन होता?"

काकांनी नाव सांगितलं. मग म्हणाले, "ते पह्यलं लिह्य. म्या तं बाह्यर उभा व्हतो. आंत तो व्हता."

वहीत ते नाव आता सगळ्यात वर आहे.

— सोनाळा, ता. संग्रामपूर, जि. बुलढाणा

(तुमच्याकडे असं कोणी असेल तर त्यांना आधी विचारा, त्यांनी हो म्हटलं तरच खाली लिहा. पोस्ट पुढे पाठवायला माझी काहीच हरकत नाही.)